काटा, पाऊल आणि पायताण: 'मदुरा फूट'चा इतिहास

शेतात काम करताना पायात काटा मोडला, तर त्यासाठी डॉक्टरकडे कोणी जात नाही. सुईने काटा काढायचा, थोडी हळद लावायची आणि पुन्हा कामाला लागायचे. पण बाभळीच्या अशाच काट्याने कित्येक कष्टकऱ्यांना पाय गमवायला लावला आहे. त्यामागचे कारण शोधण्याचे महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत झाले.

1842 साली गिल या डॉक्टरांनी मदुराईच्या दवाखान्यात पायाच्या एका विचित्र आजाराची नोंद केली. पाऊल सुजून बेढब होते, त्यावर अनेक भोके पडतात आणि त्यांतून पू वाहत राहतो. 1846 मध्ये कोलब्रुक यांनी या आजाराला 'मदुरा फूट' म्हटले आणि ते नाव आजही टिकून आहे. आजार मात्र त्याहून जुना असावा. सुश्रुतसंहितेत 'वल्मीक' नावाच्या रोगाचे वर्णन आहे. हातापायाच्या तळव्यांवर आणि इतरत्रही वारुळासारखी वाढणारी, पाझरणारी ही गाठ मदुरा फूटशी बरीच जुळते.

1858 साली हेन्री वँडाइक कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे याच डॉक्टरांनी काढली होती. त्या काळी मदुरा फूटवर पाय कापणे हाच उपाय होता. कार्टर यांनी असे कापलेले पाय उघडून बारकाईने तपासले. हाडे आतून पोखरलेली होती आणि त्या पोकळ्यांत बारीक दाणे भरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना ते दाणे बुरशीचे वाटले, म्हणून त्यांनी आजाराला 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. 1874 मध्ये त्यांनी यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पुढे असे सिद्ध झाले की हा आजार काही रुग्णांत बुरशीमुळे, तर काहींत विशिष्ट जिवाणूंमुळे होतो.

हे जंतू मातीत आणि काट्यांवर राहतात. अखंड त्वचेतून ते सहसा आत शिरत नाहीत. काटा किंवा खडा टोचला की वाट मिळते. म्हणूनच हा आजार अनवाणी काम करणारे शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी यांच्यात जास्त आढळतो.

यात सर्वांत फसवी गोष्ट कोणती? सुरुवातीची गाठ दुखत नाही! ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. 'दुखत नाही, म्हणजे काळजीचे नाही' असे समजून माणूस काम करत राहतो आणि तेवढ्यात जंतू हाडापर्यंत पोचतात. जिवाणूंमुळे झालेला आजार प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. बुरशीच्या आजारात मात्र दीर्घकाळ औषधे आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मायसेटोमाला 'दुर्लक्षित' उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले.

खळ्यावर, शेतात चपला काढून जाण्यामागे काळ्या आईबद्दलचा आदर असतो आणि तो मोलाचाच आहे. पण पाय सांभाळल्याने तो आदर कमी होत नाही. म्हणून एवढे करा:

• काटेरी किंवा दगडाळ रानात जाड तळाचे बंद बूट घाला. पातळ रबरी चपलेतून काटा सहज आरपार जातो.
• चिखलात आणि भातखाचरात गमबूट वापरा. लेप्टोस्पायरोसिसपासूनही त्यामुळे संरक्षण मिळते. काम झाल्यावर बूट आतून वाळवा.
• मजूर लावत असाल, तर त्यांच्या मापाचे बूट तुम्ही पुरवा.
• काटा टोचल्यास तो पूर्ण काढा, जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.
• मधुमेह असेल, तर रोज रात्री तळवे तपासा. पायाची संवेदना कमी झाली असल्यास काटा टोचलेला कळतही नाही.
• पायावर न दुखणारी गाठ वाढत असेल किंवा पुवातून दाणे येत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

कार्टर यांच्यासमोर आलेल्या पायांना उशीर झालेला होता. तुमच्या पायाला होऊ देऊ नका.