दुय्यम विषय कशाला?
सातारा-सांगलीकडचे विद्यार्थी आम्हाला विचारतात: पदवीला मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय कशाला? उत्तर जवळच आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. मुख्य विषय गणित, दुय्यम भौतिकशास्त्र.

लंडनला संख्याशास्त्र शिकून ते शेतीकडे वळले. पिकाचा अंदाज तेव्हा नजरेने, आणेवारीवरून बांधत. तो चुकला तर धान्याचे नियोजनही चुके. चिठ्ठी टाकल्यागत शेत निवडायचे, त्यातल्या ठरावीक तुकड्यातले पीक कापून तोलायचे, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी भुकेचे मोजमाप केले.

भूक कोणत्या एका विषयात बसते? वर्गात हे जरूर विचारून पाहा.