एका दुकानाचा कारखाना होतो तेव्हा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर १८०३ सालचा गाविलगडचा वेढा किंवा १८५३ सालचा निजाम-इंग्रज करार ह्यांवर आपण तास-दीड तास सहज बोलू शकतो. पण त्याच काळात आपल्या गावच्या लोहाराने आपला भाता कसा चालविला, सुताराने आपला धंदा कोणाच्या हाती सोपविला, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज मी तोच विषय निवडला आहे. लहान कारागिराचे दुकान मोठे कशाने होते, आणि बहुधा ते मोठे का होत नाही, एवढाच तो विषय आहे.

भातकुलीसारख्या गावात हाताला गुण असलेला मिस्त्री नाही असे कधी झालेले नाही. तिफणीचा दाता असो, वखराची पास असो, गाडीची धाव असो, नुसत्या नजरेने दोष ओळखणारी माणसे आपल्याकडे होती आणि आहेत. पण त्या माणसाची नजर मंदावली की दुकानही मंदावते, आणि तो गेला की कुलूप लागते. त्याचे कसब त्याच्याबरोबरच जाते. ही केवळ दैवाची गोष्ट नव्हे. तिला इतिहास आहे.

जुन्या गावगाड्यात लोहार-सुतार हे बलुतेदार. सुगी आली की शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन ठरलेला धान्याचा वाटा घ्यावयाचा आणि वर्षभर त्याची अवजारे धड ठेवावयाची, असा तो व्यवहार. त्यात सुरक्षितता होती, परंतु वाढीला जागा नव्हती. गिऱ्हाईक ठरलेले, काम ठरलेले, शिकणारा मुलगाही घरचाच ठरलेला. दहा माणसे हाताशी धरून त्यांच्याकडून काम करवून घेण्याची विद्या त्या कारागिराला कधी लागलीच नाही.

पुढे अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले. आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते कापसाचा बाजार उघडला. जिन आणि प्रेस उभे राहिले, आणि इंजिन चालविणारी, पट्टा चढविणारी, बिघाड ओळखणारी नव्या तऱ्हेची कारागीर मंडळी तयार झाली. मात्र जिनाचे काम हंगामी. दिवाळीनंतर भोंगा वाजू लागावा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बंद व्हावा. भोंगा थांबला की जमलेली माणसे पांगत. वऱ्हाडात यंत्र आले, यंत्राचे जाणकार आले. परंतु वर्षानुवर्षे एकत्र राहून वाढणारा कारागिरांचा संघ येथे सहसा जमला नाही.

असा संघ कसा जमतो, ह्याचा दाखला पाहावयाचा तर आपल्याला वऱ्हाड सोडून दूर दक्षिणेस बेळगावी जावे लागेल. तेथे १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकावी म्हणून ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात. रंग सुटले तरी रेषा सुटली नाही. यंत्रांची चित्रे काढण्याचे शास्त्र त्यांनी आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि वडीलबंधू रामुअण्णांनी त्या बेळगावात खपवाव्या, असा हा आरंभीचा व्यवहार होता. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा १८९७ साली नोकरी सोडून ते बेळगावी आले. त्या काळी सायकल म्हणजे सातशे ते हजार रुपयांची वस्तू. लक्ष्मणराव ती विकीत आणि पंधरा रुपये घेऊन चालवावयास शिकवीत.

दुकानदारीवर समाधान मानले असते तर आज त्यांचे नाव आपल्या कानी आले नसते. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. आपण वऱ्हाडकरांनी त्यांना हसू नये, कारण आपल्या काळ्या जमिनीतही पिढ्यान् पिढ्या वखराचेच राज्य होते आणि नांगर क्वचितच निघे. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. तयार माल पडून आहे, पैसा अडकला आहे, आणि तरीही कारागिरांची घडी मोडू द्यावयाची नाही, अशी ती दोन वर्षे. नेतृत्वाची परीक्षा घोषणांच्या वेळी होत नाही. ती अशा वेळी होते.

पुढे बेळगावच्या म्युनिसिपालिटीने ती जागा सोडण्यास सांगितले. त्या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध येथे देवळाच्या सभामंडपाचे काम घेतले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी माणूस पारखला. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी, एवढे साहाय्य त्यांनी दिले. जमीन कसली! निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती. १९१० च्या मार्च महिन्यात सुमारे पंचवीस कामगार आपली बायकामुले घेऊन तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडीस प्रारंभ झाला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू या. बेळगावसारखे शहर सोडून पंचवीस संसार त्या उजाड माळावर का आले? केवळ पगारासाठी आले असतील असे मला वाटत नाही. मालक आपल्या आधी तेथे राहणार आहे आणि ह्या कामात आपल्यालाही जागा आहे, एवढा भरवसा त्यांना वाटला असला पाहिजे.

ती जागा लक्ष्मणरावांनी कशी करून दिली हे पाहण्यासारखे आहे. वसाहतीची आखणी आणि तिचा कारभार रामुअण्णांकडे. यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांकडे. के. के. कुलकर्णी ह्यांच्याकडे व्यवस्था, आणि अडचणीच्या वेळी पैशाची तजवीजही. मंगेशराव रेगे पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळीत. अनंतराव फळणीकर हे शाळेत अयशस्वी ठरलेले विद्यार्थी. पण येथे त्यांच्या कल्पकतेला वाट मिळाली आणि ते यंत्ररचनेत चमकले. इतकेच नव्हे, तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांवर ह्या वसाहतीचा पहारा सोपविला होता, आणि तो त्यांनी इमानाने केला. अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा वाडीचा नियम होता. ज्या काळी पाणवठे वेगळे, त्या काळी हा नियम करणे सोपे नव्हते.

ह्या सर्वांत मला एकच सूत्र दिसते. जे काम आपल्याहून दुसरा बरे करील ते त्याच्या स्वाधीन करावयाचे, आणि मग त्यात लुडबूड करावयाची नाही. कारागीर मालकाला हे फार कठीण जाते. ज्याचा हात उत्तम चालतो त्याला दुसऱ्याचा हात वाकडाच दिसतो. ‘दे इकडे, मीच करतो’ असे तो म्हणतो. काम त्या दिवशी निभावते, पण शिकणारा तेथेच थांबतो.

वाडी नुकतीच रुजते आहे तोच १९१४ साली महायुद्ध पेटले. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंग मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. महाराजांचे औदार्य मोठेच; परंतु तोफेच्या लोखंडातून नांगर ओतावयाचा तर ओतशाळेत तशी तयारीची माणसेही हवी होती. सहा-सात वर्षे एकत्र राबलेला संघ त्या दिवशी उपयोगी पडला.

१९२० साली खाजगी धंद्याची मर्यादित भांडवलाची कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणारे हे पत्र पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून १९२६ साली पदवीधर झाले. त्याच साली वाडीत पंप तयार झाला. १९४१ साली हरिहरला यांत्रिक हत्यारांचा कारखाना निघाला, तर १९४६ साली पुण्यास तेल-इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या यंत्रांचा. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. दुकानाला कुलूप लागले नाही.

आता एक आक्षेप आपल्या मनात आला असेल. लक्ष्मणरावांना राजा भेटला, जमीन भेटली, बिनव्याजी कर्ज भेटले. आम्हाला कोण भेटणार? आक्षेप खोटा नाही. राजाश्रयावाचून किर्लोस्करवाडी त्या जागी उभी राहिली नसती. घरचीच पुष्कळ माणसे कर्तबगार निघाली, हाही योग होता. शिवाय ज्या वस्तीत मालकच गावचा कारभारी, तेथे कामगाराला विरोधी शब्द बोलणे किती जड जाते, हेही आपण विसरू नये. पण दहा हजार रुपये आणि माळरान ह्यांचा कारखाना आपोआप होत नाही. संस्थानिकांच्या मदतीने निघालेले आणि बुडालेले धंदे थोडे नाहीत. आणि बेळगावातील ती दोन वर्षे लक्ष्मणरावांनी काढली तेव्हा औंधकर अजून पुढे यावयाचे होते.

भातकुलीच्या वेल्डिंगच्या, मोटार-वायंडिंगच्या किंवा सुतारकामाच्या दुकानात आज तीन-चार माणसे असतात. त्या मालकाने माळ घ्यावा असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या कामातले एक काम पुरतेपणी दुसऱ्याच्या हाती द्यावे: एकाने माल आणावा, एकाने हिशेब लिहावा, एकाने गिऱ्हाइकाशी बोलावे. मापे आणि रीती डोक्यात न ठेवता वहीत उतरवाव्या. मंदीच्या दिवसांत पहिला विचार माणसे कमी करण्याचा न येता त्यांना काय नवे शिकविता येईल हा यावा. परीक्षेत नापास झालेला मुलगा दारी आला तर त्याची गुणपत्रिका पाहण्याआधी त्याच्या हाती पाना देऊन पाहावा.

खारपाणपट्ट्यातील आपण माणसे. गोड पाणी एकट्याच्या विहिरीला लागत नाही, ते लांबून आणावे लागते आणि वाटून प्यावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. कसबाचेही तसेच आहे. आपल्या गावात ते भरपूर आहे. ते एका माणसाबरोबर आटू न देण्याचे काम मात्र आपल्याकडून अजून व्हावयाचे आहे.