पंढरीच्या अलीकडे: अपंगत्व, श्रद्धा आणि स्वीकार या विषयाची प्रस्तावना

ज्येष्ठ सरत आला की तुकोबारायांची पालखी वरवंड, उंडवडी करत बारामतीत मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगरांची मेंढरे पालखीभोवती धावतात, बेलवाडीत गोल रिंगण होते आणि निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे करत सोहळा नीरा ओलांडतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसाला हा क्रम तोंडपाठ असतो. कोणी कुबड्या घेऊन दिंडीबरोबर चालतो, कोणी तीनचाकी सायकल हाताने ओढतो, आणि ज्याला यातले काहीच जमत नाही तो घराच्या ओट्यावर बसून हात जोडतो. ज्या भक्तीचे मोठे साधनच चालणे आहे, तिच्यात न चालू शकणाऱ्याची जागा कोणती? या अभ्यासविषयाचे दार याच प्रश्नाने उघडते, आणि बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर तो जितका थेट भेटतो तितका ग्रंथालयात भेटत नाही.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महिपतींनी 1762 मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’त कूर्मदासाची कथा येते. कूर्मदास पैठणचा, हातपाय नसलेला. कीर्तनात पंढरीचा महिमा त्याच्या कानी पडला आणि तो पोटावर सरपटत निघाला. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो लऊळपर्यंतच पोहोचला होता. लऊळ हे गाव कुर्डुवाडीजवळ, माढा तालुक्यात. इंदापूरकराने भीमा ओलांडली की तो मुलूख सुरू होतो. आता एकादशीला पंढरी गाठणे होणार नाही हे कूर्मदासाला कळून चुकले. त्याने पुढे जाणाऱ्या यात्रेकरूजवळ विठ्ठलासाठी निरोप दिला: मला येववत नाही, तूच ये. आणि विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन, वाटेत अरणला सावता माळ्याची गाठ घेऊन, लऊळला आला.

वाचकांनी इथे घाई करू नये. या कथेत जे घडत नाही, ते आधी पाहावे. कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. तो अचानक चालू लागत नाही. शेजारी तेरच्या गोरोबांची कथा ठेवून पाहा: गोरा कुंभाराचे तुटलेले हात नामदेवांच्या कीर्तनात परत येतात. चमत्काराची ती रीत आपल्या ओळखीची आहे आणि नवस बोलणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात ती जागी असते. तिची अवहेलना करण्याचे कारण नाही. पण कूर्मदासाच्या कथेत दुरुस्ती शरीराची होत नाही, अंतराची होते. माणूस जिथवर येऊ शकला तिथवरचा रस्ता पुरेसा मानला जातो आणि उरलेला रस्ता देव चालतो. त्या निरोपाचा सूरही बारकाईने ऐकण्यासारखा आहे. त्यात क्षमायाचना नाही. त्यात हक्क आहे. अपंग माणसाच्या आत्मसन्मानाविषयी मराठीत याहून धीट काही मी वाचलेले नाही, आणि ते अडीचशे वर्षांहून अधिक काळ आपल्या घरांत ओवीबद्ध पडून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरीही ही परंपरा सगळीच अशी मायाळू आहे, असे समजून कोणी या विषयात येऊ नये. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका भेटतात, आणि त्यांचे व्यंग अनेकदा माणसाच्या आंतरिक चुकीचे रूपक होऊन येते. रूपक म्हणून ते प्रभावी आहे. पण ज्याला खरोखर ऐकू येत नाही, त्याने ते भारूड सादर होताना पाहिले तर? त्याहून जड आहे ते पूर्वसंचित. मागच्या जन्मीचे काहीतरी असेल, हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर आरोप म्हणून पडते. श्रद्धेने माणसाला कधी उभे केले आणि कधी खाली बसवले, या दोन्हींची नोंद अभ्यासकाला घ्यावी लागते.

पालखीच्या याच रस्त्यावर थोडे मागे, दौंड तालुक्यात, केडगाव आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे 1896-97 च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे अंध मुलींनाही जागा मिळाली, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने त्यांना ब्रेल शिकवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालले. त्या बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस आहे. त्याच्याकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, आणि येशू दोन्ही नाकारतो. हा प्रसंग आपल्या पूर्वसंचिताच्या चर्चेशेजारी ठेवून वाचावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

वऱ्हाडातले गुलाबराव महाराज (1881–1915) यांचे नाव या विषयात येणारच. नवव्या महिन्याच्या सुमारास दृष्टी गेली, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानले, सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. थोरवी मोठीच. मात्र त्यांच्याकडे पाहताना एक धोका टाळायचा आहे: दृष्टी नसलेल्या प्रत्येकाने काहीतरी अलौकिक करून दाखवावे, मगच त्याला मान, हा हिशेब. कूर्मदासाचा मोठेपणा ग्रंथांवर उभा नाही.

श्रद्धेची चर्चा जमिनीपासून सुटू नये, हीही काळजी घ्यावी. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले. गावच्या देवळाच्या उंच पायऱ्या मात्र अजून तशाच दिसतात. देव लऊळपर्यंत चालत आला ही कथा सप्ताहात रंगवून सांगणाऱ्या विश्वस्तांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणे अवघड जाऊ नये.

तुम्ही या विषयात नवे असाल तर आधी ‘भक्तविजया’तली कूर्मदासाची कथा मोठ्याने वाचा, ओवी कानाने वाचायची असते. मग भारुडांकडे वळा आणि ज्या ओळी टोचतील त्या ओलांडून जाऊ नका. त्यानंतर पालखी आपल्या भागात असताना एक दिवस गर्दीबरोबर न चालता ओट्यावर बसलेल्या माणसाशेजारी बसा. वारीत लहानथोर एकमेकांना माउली म्हणून पायांना हात लावतात; त्याच्याकडे लोक कसे येतात, की वळसा घालून जातात, ते पाहा. बोलायला लागलात तर नवस केला होता का, हा प्रश्न आधी विचारू नका. उत्तर त्याचा भाऊ किंवा वहिनी देऊ लागली तर नम्रपणे थांबवा, त्याचे त्याला सांगू द्या, बोलायला वेळ लागत असला तरी. त्या उत्तरात समाधानच असेल असे नाही. विठ्ठलाशी भांडण असेल तर तेही त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत, आणि वारकऱ्यांनी ते अभंग गाथेत जपून ठेवले आहेत.