गावाचं हसू कोणी मोजायचं?

संध्याकाळी हातातलं काम आटोपून आपण टीव्हीपुढे बसतो. त्यातल्या मालिकांत गाव कितीसं दिसतं? आज अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. मुलूख लांबचा, पण गोष्ट ओळखीची वाटेल.

१९६० मध्ये तिथे ‘द अँडी ग्रिफिथ शो’ ही विनोदी मालिका सुरू झाली. मेबेरी नावाचं कल्पनेतलं छोटं गाव. तिथला फौजदार अँडी, त्याचा आईवेगळा मुलगा आणि दोघांचं घर सांभाळणारी बी आत्या. अँडीच्या हाताखालचा शिपाई इतका वेंधळा, की त्याला एकच गोळी दिलेली, तीही खिशात ठेवायची!

१९६२ मध्ये ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ आली. डोंगरातल्या गरीब घराच्या जमिनीत तेल लागतं आणि सगळी माणसं श्रीमंतांच्या वस्तीत बंगला घेतात. पण आजी आपली चूल आणि झाडपाल्याची औषधं सोडत नाही. पैशासाठी त्यांच्यापुढे लोटांगण घालणाऱ्या बँकवाल्याचंच जास्त हसू होतं.

आपल्या गटांना जवळची वाटेल ती १९६३ ची ‘पेटीकोट जंक्शन’. आडवळणाच्या रेल्वे फाट्यावर केट नावाची विधवा तीन मुलींना घेऊन हॉटेल चालवते. रेल्वेचा एक साहेब ती गाडी बंद करायला टपलेला, आणि दर वेळी गाववाले त्याला पुरून उरतात.

केटचं काम करणारी बी बेनाडेरेट मूळची रेडिओवरची. शहरातला माणूस शेती करायला गेल्यावर त्याची कशी फजिती होते, यावर १९५० मध्ये रेडिओमालिका झाली, त्यातही ती होती. त्याच कल्पनेवर १९६५ मध्ये टीव्हीवर ‘ग्रीन एकर्स’ आली. त्यात न्यूयॉर्कचा वकील शेतकरी होतो. त्याचा फोन खांबाच्या टोकावर, म्हणून बोलायचं तर आधी खांबावर चढायचं!

या मालिका लाखो घरांत लाडक्या होत्या. तरी १९७० मध्ये ‘पेटीकोट जंक्शन’ थांबली आणि १९७१ मध्ये सीबीएस वाहिनीने बाकीच्या गावाकडच्या मालिकाही एकदम काढून टाकल्या. का? जाहिरातदारांना आता नुसती डोकी मोजायची नव्हती. शहरातले, तरुण, खरेदी करणारे प्रेक्षक त्यांना हवे होते. गावातल्या आजीचं हसू हिशेबात कमी भरलं. मालिकेतल्या साहेबाला गाडी बंद करता आली नाही, पण वाहिनीने फाटाच बंद केला.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. या लाडक्या गावांत काळी माणसं जवळजवळ दिसतच नसत. म्हणजे गाव दाखवतानाही कोणाला वगळायचं, हे ठरलेलंच होतं.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच वाहिनीवर ‘द वॉल्टन्स’ ही डोंगरातल्या कुटुंबाची मालिका आली आणि खूप चालली. जुन्या मालिकाही पुन्हापुन्हा दाखवल्या गेल्या. अँडी ग्रिफिथच्या माउंट एअरी या गावात आजही दर सप्टेंबरला मेबेरीच्या आठवणींचा उत्सव भरतो.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या रेडिओवर आपल्या गमती आपणच सांगूया. आणि सांगताना वस्तीतलं एकही घर सुटलं नाही ना, हेही बघूया.