ऑल सेंट्स चर्च, ब्रॉकहॅम्प्टन

ऑल सेंट्स चर्च हे इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यात, रॉस-ऑन-वाय या गावाजवळील ब्रॉकहॅम्प्टन खेड्यात असलेले एक छोटे अँग्लिकन चर्च आहे. वास्तुविशारद विल्यम लेथबी यांच्या आराखड्यानुसार ते १९०१-०२ मध्ये बांधण्यात आले. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतील महत्त्वाच्या वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

यंत्रनिर्मित, एकसाची वस्तूंच्या विरोधात विल्यम मॉरिस व जॉन रस्किन यांच्या विचारांतून ही चळवळ उभी राहिली. स्थानिक साहित्य, प्रामाणिक बांधणी आणि कारागिराच्या हाताला मान ही तिची मुख्य सूत्रे होत. ॲलिस फॉस्टर यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधवून घेतले.

रचना

भिंती स्थानिक तांबूस वालुकाश्माच्या आहेत. मुख्य दालनाच्या बाजूच्या भिंती बुटक्या असून त्यांच्यावरूनच दगडी टोकदार कमानी उंच चढत जातात. त्यामुळे भिंत कोठे संपते व छत कोठे सुरू होते, हे चटकन लक्षात येत नाही. कमानींवरील छत लोखंडी सळ्यांविना ओतलेल्या काँक्रीटचे आहे. साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसेही त्यावर तसेच राहू दिले आहेत. या काँक्रीटवर गवताने शाकारलेले छप्पर आहे. त्या काळी नवे असलेले साहित्य आणि खेड्यातील जुनी रीत यांचा असा मेळ हे या वास्तूचे खास वैशिष्ट्य होय. मध्यभागी चौकोनी मनोरा असून दक्षिणेकडील प्रवेशमंडपावर लाकडी घंटाघर आहे.

अंतर्भाग

रंगीत काचचित्रे क्रिस्टोफर व्हॉल यांची आहेत. एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या चित्रांवरून मॉरिस अँड कंपनीने विणलेल्या टॅपेस्ट्रीही येथे आहेत. गायकवृंदाच्या लाकडी आसनांवर रानफुले कोरलेली आहेत.

बांधकामातील अडचणी

हे काम कंत्राटदाराकडे न सोपवता कारागिरांना थेट कामावर घेऊन करण्यात आले. जागेवरील देखरेख रँडल वेल्स या तरुण वास्तुविशारदाकडे होती. या पद्धतीत कारागिरांना मोकळीक मिळाली, परंतु चुकीचा भार पेलणारा कंत्राटदार मात्र राहिला नाही. पाया कमकुवत ठरून मनोऱ्याच्या कामात तडे गेले, तेव्हा लेथबी यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली व आपले मानधन सोडून दिले. हे चर्च त्यांच्या स्वतंत्र वास्तुरचनांपैकी शेवटचे ठरले. पुढे त्यांनी अध्यापन, लेखन व जुन्या वास्तूंचे जतन यांकडे लक्ष वळवले. १९०६ पासून वेस्टमिन्स्टर ॲबीच्या वास्तूची देखभाल त्यांच्याकडे होती.

महत्त्व

ही वास्तू इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत पहिल्या श्रेणीत आहे. काँक्रीटसारखे नवे साहित्य वापरूनही परंपरेशी नाते राखता येते, याचा ती एक आरंभीचा दाखला मानली जाते. त्याचबरोबर, वास्तुविशारद व कारागीर यांनी मिळून इमारत उभारण्याच्या आदर्शाचे यश आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत या दोहोंची ती साक्ष देते.