'जॉइन'ची कुळकथा

'जॉइन' हे क्रियापद मूळचे इंग्रजी नाही. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके तेथील दरबारात, न्यायालयात व सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषेचे चलन राहिले. त्या काळात फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातच हाही आला. इंग्रजी लेखनात तो १३०० च्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी इंग्रज 'फेगन' हे आपले घरचे क्रियापद वापरत. पाहुण्याने त्याला घराबाहेर काढले. दोन फळ्या फट न राहता एकमेकींना भिडवणे या अर्थाचा 'फे' हा जहाजबांधणीतला शब्द एवढीच आता त्याची खूण.

फ्रेंच 'जॉइंद्र'चा बाप लॅटिन 'युंगेरे', म्हणजे जुंपणे. त्याच धातूचे नाम 'युगुम', म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. सर्वसाधारण जोडणीचा अर्थ या जुंपण्यातूनच पसरला असावा. एका जुवाखाली दोन जनावरे आली की त्यांना एकत्र चालावे लागते, एकाच दिशेने ओढावे लागते. 'जॉइन'च्या आजच्या अर्थांतही ही छटा टिकून आहे.

हे घराणे मोठे आहे. ग्रीकमध्ये 'झुगोन', गॉथिकमध्ये 'युक', जर्मनमध्ये 'योख', लिथुआनियनमध्ये 'युंगास', तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती मातीच्या पाट्यांवर 'युगन' आणि संस्कृतात 'युग', या सगळ्यांचा अर्थ जू. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढे त्या विचारातून तौलनिक भाषाशास्त्र उभे राहिले, तेव्हा जुवाचा हा शब्द नात्याचा पक्का पुरावा ठरला. एवढ्या दूरदूरच्या भाषांत तो सापडतो, त्या अर्थी या भाषा वेगळ्या होण्यापूर्वीच्या समाजाला जनावरे जुंपणे ठाऊक होते, असे अनुमान काढले जाते. ऋग्वेदात 'युज्' धातू रथाला घोडे जुंपण्याच्या संदर्भात वारंवार येतो. योग, योजना, उद्योग, प्रयोग, वियोग, युक्ती, आयुक्त ही त्याचीच पुढची प्रजा.

इंग्रजीत या कुळाच्या दोन पात्या नांदतात. एक घरची: 'योक', म्हणजे जू, हा शब्द अँग्लो-सॅक्सन लोकांनी बरोबर आणला होता. दुसरी रोम आणि फ्रान्स फिरून आलेली, ती 'जॉइन'. दोघांची भेट इंग्रजीत झाली तोवर इतका काळ लोटला होता, की नाते कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

उच्चाराची गोष्ट आणखी गमतीची. लॅटिनमधला आरंभीचा 'य' फ्रेंचपर्यंत पोचेतो 'ज' झाला. इकडे संस्कृतातला शब्दारंभीचा 'य'ही प्राकृतात 'ज' झाला: युगचे 'जुग' आणि 'जू' झाले, योगीचा 'जोगी' झाला, योक्त्रचे 'जोत' झाले. हे बदल एकमेकांपासून हजारो मैलांवर, एकमेकांची काहीही खबर नसताना घडले. त्यामुळे मराठी 'जू' आणि इंग्रजी 'जॉइन' यांचा पहिला व्यंजनवर्ण आज सारखा दिसतो. त्यांचे नाते खरे आहे, पण हे साम्य त्या नात्याचे नाही. ते योगायोगाचे आहे (आणि 'योगायोग' हा शब्दही याच घरातला).

रोमन लोकांनी जुवाचा उपयोग शेताबाहेरही केला. बैलांच्या एका जोडीने दिवसभरात नांगरून होणारी जमीन म्हणजे एक 'युगेरुम', साधारण पाव हेक्टर. हरलेल्या शत्रूला 'जुवाखालून' काढण्याचीही प्रथा होती. दोन भाले उभे रोवून त्यांवर तिसरा आडवा बांधत, आणि निःशस्त्र सैनिकांना त्याखालून वाकून जायला लावत. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडाइन खिंडीत सॅम्नाइट टोळ्यांनी रोमन सैन्यालाच या अपमानातून जायला लावले आणि रोम ते कधी विसरले नाही. गुलामीत आणणे या अर्थाचा इंग्रजी 'सब्जुगेट' हा शब्द सरळ 'जुवाखाली' याच पदातून बनला आहे. दाम्पत्याविषयीचा 'कॉन्जुगल' हा शब्दही तिथलाच. तिथे मात्र एकाच जुवात दोघे आले आहेत. ही दोन टोके एका धातूत बसतात, यात आश्चर्य नाही. जू जोडते आणि दाबतेही. मराठीतही 'जोखड' म्हटले की जोडणी आठवत नाही, जाच आठवतो. आणि 'दोघांची चांगलीच जुंपली' म्हणजे भांडण पेटले.

इंग्लंडमध्ये 'जॉइनर' हा एक व्यवसाय होता. कार्पेंटर घराचा सांगाडा उभारी. जॉइनर दारे, खिडक्या, पेट्या, खुर्च्या अशी नाजूक कामे करी आणि एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत नेमके बसवून सांधा करी. लंडनच्या जॉइनरांच्या संघाला पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७१ मध्ये सनद दिली. दोन व्यवसायांत कोणते काम कोणाचे यावरून तंटे चालत. अखेर १६३२ मध्ये शहराच्या आल्डरमन मंडळीला निवाडा करावा लागला. खिळ्याने ठोकलेले काम एकाकडे आणि सांध्याचे, सरसाचे काम दुसऱ्याकडे, असा साधारण त्याचा रोख होता. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये नाटक बसवणाऱ्या कारागिरांत पीटर क्विन्स कार्पेंटर आहे आणि स्नग जॉइनर. त्या काळच्या प्रेक्षकाला हा भेद सांगावा लागत नसे.

'जॉइन'च्या भोवती इंग्रजीत समानार्थी शब्दांचा गोतावळा आहे, पण सगळे एकाच कामाचे नाहीत. 'बाइंड' अस्सल घरचा आणि आपल्या 'बांधणे'चा सख्खा नातलग. 'कनेक्ट' लॅटिनमधल्या 'बांधणे' या अर्थाच्या शब्दातून आला; तिथे दोन वस्तू वेगळ्याच राहतात आणि मध्ये तार, नळी किंवा रस्ता असतो. 'लिंक' उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला, म्हणजे साखळीतली कडी. 'युनाइट' म्हणजे एक करणे, 'कंबाइन' म्हणजे दोन-दोनांना एकत्र आणणे. 'युनायटेड नेशन्स'चे मराठी 'संयुक्त राष्ट्रसंघ' करताना 'युज्' धातू आपण आणला. इंग्रजी नावात तो नाही. 'कपल'चे मूळ बंधन; रेल्वेच्या डब्यांचे कपलिंग आणि नवरा-बायको दोन्ही त्यात बसतात.

यांतला 'अटॅच' जरा बेरकी. त्याचे मूळ खुंटा या अर्थाच्या जर्मानिक शब्दात शोधतात आणि त्याचा इंग्रजीतला पहिला वापर कायद्याचा आहे: माणसाला पकडणे, मालमत्ता ताब्यात घेणे. भारतीय न्यायालयांत हा अर्थ अजून जिवंत आहे. 'अटॅचमेंट'चा हुकूम म्हणजे जप्ती, आणि ईमेलची 'अटॅचमेंट' म्हणजे सोबत जोडलेली फाइल.

'जॉइन'चा व्याकरणी स्वभाव सरळ आहे. सैन्य, क्लब, रांग, पक्ष या गोष्टी त्याच्यानंतर कर्म म्हणून थेट येतात. मध्ये 'टू' लागत नाही. खेळात किंवा गाण्यात आपलाही सूर मिसळायचा असेल तर 'इन' लागते, सैन्यात भरती व्हायचे असेल तर 'अप'ही चालते. 'जॉइन द क्लब' हा वाक्प्रचार मात्र निमंत्रण नसून 'आमचीही तीच गत' अशी कोरडी सहानुभूती असते. संगणकाच्या माहितीकोशात दोन तक्ते समान रकान्यावरून जोडण्याच्या क्रियेलाही हेच नाव आहे. एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधात ते आढळते. २०२० च्या टाळेबंदीत तर ऑनलाइन शाळा आणि सभांमुळे 'जॉइन'चे बटण घरोघरी पोचले.

मराठीत हा शब्द एकटा आला नाही, सगळे कुटुंब घेऊन आला. नळाचा 'जॉइंट' गळतो, बँकेत 'जॉइंट अकाउंट' असते, मनमाड हे 'जंक्शन' आहे. आणि बोलण्यात 'जंक्शन माणूस' म्हणजे भारी असामी. पोलिसांतला 'जॉइंट कमिशनर' मराठीत सहआयुक्त होतो. तेव्हा 'जॉइंट'ची जागा 'सह' घेतो, पण कमिशनरच्या जागी आलेल्या 'आयुक्त'मध्ये तोच धातू पुन्हा उभा राहतो. क्रियापद म्हणून 'जॉइन'ला मराठी आपले दोन टेकू देते. 'कंपनी जॉइन केली' आणि 'कंपनीत जॉइन झाला' ही दोन्ही वाक्ये सर्रास ऐकू येतात. पहिल्यात इंग्रजीचे कर्म कायम राहिले आहे, दुसऱ्यात मराठीची सप्तमी आली आहे. दुसरे वाक्य मराठीच्या कानाला अधिक बरे वाटते, कारण ते 'रुजू झाला', 'सामील झाला' यांच्या साच्यात बसते.

हे दोन्ही पर्यायही बाहेरचेच, अरबीतून फारसीमार्गे आलेले. 'सामील'चा मूळ अर्थ समाविष्ट करणारा. 'रुजू'चा मूळ अर्थ परत येणे. सरकारी कचेरीत नव्याने लागलेला आणि रजेवरून परतलेला, दोघेही कर्मचारी 'रुजू अहवाल'च देतात. मूळ अर्थाने पाहिले तर तो शब्द रजेवरून परतलेल्यालाच नेमका लागू पडतो.