शेवयांचे सोयरे

रामेन जपानचे, पास्ता इटलीचा; मग आपले काय? घरातल्या तरुण मंडळींनी असा प्रश्न टाकला, तर नाशिकच्या गृहिणीने काही न बोलता वळवटाचा डबा पुढे ठेवावा. त्यातले गव्हले, नखुल्या, मालत्या हेच तिचे उत्तर.

मार्को पोलोने चीनमधून शेवया इटलीत नेल्या, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याआधी, ११५४ मध्येच, अल् इद्रिसी या भूगोलकाराने लिहून ठेवले होते की, सिसिलीतील त्राबिया गावी शेवया होतात आणि जहाजे भरभरून परमुलखात जातात. १२७९ मध्ये जिनोव्हाच्या एका शिपायाच्या चीजवस्तूंच्या यादीत मॅकरोनीने भरलेली टोपलीही नोंदलेली आहे!

जपानचे रामेन मूळचे चिनी. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली ‘राइराइकेन’ हे दुकान निघाले आणि ते लोकप्रिय झाले. पुढे १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी गरम पाण्यात झटपट शिजणारे रामेन बाजारात आणले.

आणि आपण? सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘सेविका’ आहे: कणकेच्या जवाएवढ्या बारीक वळ्या वाळवाव्यात, दुधात शिजवाव्यात आणि तूपसाखरेसह खाव्यात. ही तर आपल्या गव्हल्यांची खीर! इटालियन लोकही अशाच एका बारीक पास्त्याला ‘ओर्झो’, म्हणजे जव, म्हणतात. नखाने दाबलेली आपली नखुली आणि अंगठ्याने दाबलेली बारी शहराकडची कानाच्या आकाराची ‘ओरेक्किएत्ते’ शेजारी ठेवली, तर मावसबहिणी शोभतील.

नाते मालमसाल्यातही आहे. रामेनला पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो तो खारयुक्त पाण्याने. आपला पापडखार त्याच जातीचा. पास्त्याला लागतो कठीण दाण्याचा, पिवळसर रव्याचा गहू. आपला बन्सी त्याच कुळातला. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने याच कुळातले वाण काढले, आणि त्यांची नावे ठेवली ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’. पंचवटीचा गहू रवा, शेवया, कुरडया यांना उत्तम मानतात.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. भूगोलकाराने जहाजे नोंदवली, कारकुनाने टोपली नोंदवली, दुकानदाराचे नाव राहिले. पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाटावर शेवई ओढणाऱ्या, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे असे करीत अख्ख्या आळीचे वळवट उरकणाऱ्या बायकांची नावे कोणत्या वहीत आहेत? रुखवतात त्यांची कला मांडली गेली, चार जणींनी वाखाणली आणि खिरीत विरघळली.

तेव्हा वाचकहो, रामेन जरूर चाखा, पास्ताही चाखा. सोयऱ्यांकडे जाण्यात कमीपणा कसला? पण या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसून एवढे विचारा, की नखुली कशी वळायची आणि ती तिला कोणी शिकवली. तिने सांगितलेले नाव लिहून ठेवा. इतिहासाचे तेवढे पान आपल्याला लिहिता येण्यासारखे आहे.